भिंतीवरचा मलिकंबर

भिंतींना कान असतात, असें आपण म्हणतों. परंतु माझा अनुभव असा आहे कीं, त्यांना तोंडहि असतें. एखाद्याच्या घरीं प्रथमच गेल्यावर यजमान बाहेर येईपर्यंत जीं चार-दोन मिनिटें मिळतात, तेवढ्या अवकाशांत ओटीवरच्या तसबिरी त्या कुटुंबाविषयीं पुष्कळ सांगून टाकतात. हें घर कोणास पूज्य मानतें, कोणास आपलें म्हणतें आणि कोणाचें नांवहि काढीत नाहीं, हें सर्व तेथें लिहिलेलें असतें. वाचणारा मात्र पाहिजे.

आमच्या शिरूरच्या जुन्या घरांतील भिंत वडिलांच्या वेळेपासून एकच गोष्ट सांगत आली आहे. मध्यभागीं रामपंचायतन, उजवीकडे शिवछत्रपति, डावीकडे लोकमान्य आणि त्यांच्या खालीं चंदनाचा हार घातलेले आजोबा व वडील. आपणां बहुतेकांच्या घरांत ही मांडणी इतकी ठरून गेलेली असते कीं, ती कोणी व कां ठरविली हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. गेल्या वर्षीं त्या भिंतीवर एक नवें चित्र लावण्याचा प्रसंग आला आणि तेव्हां मात्र हा प्रश्न आमच्या घरांत चांगलाच गाजला. तो प्रसंग, आणि त्यानिमित्तानें मला स्वतःविषयीं जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

परदेशांतून आलेला प्रश्न

माझी एक पुतणी लग्नानंतर अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं राहते. तिच्या शेजारीं एक वृद्ध कृष्णवर्णीय जोडपें आहे. गृहस्थ माझ्यासारखेच निवृत्त शिक्षक. एके दिवशीं त्यांनीं हिला चहाला बोलाविलें. त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंती मोठमोठ्या चित्रांनीं भरलेल्या होत्या. तीं कांचेच्या चौकटींत नव्हतीं. कॅनव्हासच्या जाड कापडावर छापून, लांकडी सांगाड्यावर ताणून बसविलेलीं होतीं. कोठें आफ्रिकेंतील ढोल वाजविणारी व नाचणारी मंडळी, कोठें कापसाच्या शेतांत राबणारीं माणसें, कोठें तुटलेल्या बेड्या, आणि या सर्वांच्या शेजारीं त्या घराण्यांतील पणजोबा व पणजी. पुतणी हें सर्व पाहत असतां गृहस्थांनीं तिला सहज विचारलें, "आपण महाराष्ट्रांतल्या ना? मग मलिक अंबर आपल्याकडचाच. आपल्या घरीं त्याचें चित्र असेलच?"

त्या रात्रीं तिचा मला फोन आला. "काका, तो निजामशाहीचा वजीर होता आणि हबशी होता, एवढेंच मला आठवलें. पुढें काय सांगूं?" मीं तिला तासभर माहिती दिली. परंतु चित्राच्या प्रश्नाला काय उत्तर देणार? तीस-बत्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविलेल्या या मास्तरानें मलिकंबराचें चित्र वर्गांत कधीं दाखविलें नव्हतें. स्वतःहि कधीं नीट पाहिलें नव्हतें.

त्या परदेशी गृहस्थांना त्याचें नांव कसें ठाऊक, याचा उलगडा पुढें झाला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या शोम्बर्ग केंद्रानें २०१३ मध्यें हिंदुस्थानांतील आफ्रिकी लोकांविषयीं एक चित्रप्रदर्शन भरविलें होतें. गुलाम म्हणून आलेलीं माणसें येथें सेनापति व राज्यकर्ते कशीं झालीं, हा त्याचा विषय. दुसऱ्या वर्षीं तें दिल्लीसहि येऊन गेलें. म्हणजे आमच्या दारचा इतिहास समुद्रापलीकडे भिंतीवर लागला, तेथून देशाच्या राजधानींत आला आणि आम्हांला त्याची वार्ताहि नव्हती.

भिंत हीच पाठशाळा

त्या शेजाऱ्यांनीं भिंतीवर एवढीं चित्रें कां लावावीं, हें समजण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो. ज्यांच्या पूर्वजांना जहाजांत कोंबून समुद्रापार नेलें, ज्यांचीं नांवें बदललीं, भाषा तोडली आणि आई-लेकरांची ताटातूट करून ज्यांना बाजारांत विकलें, त्यांच्या वंशजांना घराण्याची बखर कोठून मिळणार? अमेरिकेंत १८६५ सालीं कायद्यानें गुलामगिरी संपली. परंतु त्यानंतरहि कित्येक दशकें जाहिरातींत, नाटकांत व वर्तमानपत्रांत काळ्या माणसाचें चित्र येई तें बहुधा विदूषकाचें किंवा हुजऱ्याचें. मुलानें बाहेर जाऊन हेंच पाहावयाचें आणि घरीं येऊन कोरी भिंत पाहावयाची, तर त्यानें आपल्या पूर्वजांविषयीं काय समजूत करून घ्यावी?

पोर्टो रिको बेटांत जन्मलेल्या आर्थर शोम्बर्ग यांची हकीकत या संदर्भांत सांगतात. काळ्या लोकांना इतिहास नाहीं, त्यांच्यांत थोर पुरुष झाले नाहींत, असें त्यांना बाळपणीं शाळेंत एका शिक्षकाकडून ऐकावें लागलें. त्या एका वाक्याला उत्तर म्हणून या मनुष्यानें जन्मभर ग्रंथ, हस्तलिखितें व चित्रें जमविलीं. तो संग्रह १९२६ मध्यें न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाकडे आला आणि वर सांगितलेलें केंद्र त्यांच्याच नांवानें हार्लेम भागांत उभें आहे. हार्लेमच्या त्या ग्रंथालयासाठीं १९३४ मध्यें ॲरन डग्लस या चित्रकारानें कॅनव्हासवर चार भव्य चित्रें रंगविलीं. आफ्रिकेंतील जीवन, गुलामगिरी व मुक्ति, दक्षिणेकडील छळ आणि उत्तरेच्या शहरांतील नवें आयुष्य, असा सारा प्रवास त्यांत आला आहे. पुढें १९४०-४१ मध्यें जेकब लॉरेन्स या तरुणानें दक्षिण सोडून उत्तरेकडे गेलेल्या लक्षावधि लोकांची कहाणी साठ लहान चित्रफलकांत मांडली. तिच्यासाठीं लागणारें वाचनहि त्यानें त्याच ग्रंथालयांत केलें. आज सामान्य घरांतून जीं कॅनव्हासचीं चित्रें लागतात, त्यांच्यामागें ही परंपरा आहे.

आपण मराठी माणसांना हें परकें वाटूं नये. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७८ मध्यें पुण्यास चित्रशाळा काढली, तिचा हेतु याहून फारसा निराळा नव्हता. राज्य गेलेलें, शाळांतून इंग्रजांनीं लिहिलेला इतिहास चाललेला. अशा वेळीं आपले देव व आपले पुरुष रंगीत छापून स्वस्त किंमतींत घरोघर पोंचविले, तर घराची भिंत हीच पाठशाळा होईल, हें त्या पिढीनें ओळखलें. नाना फडणिसांचें चित्र या छापखान्यांतूनच लोकांच्या घरीं गेलें. आमचें रामपंचायतनहि चित्रशाळेचेंच.

त्याच पुण्यांत पांच वर्षें आधीं, १८७३ सालीं, जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या सज्जनांना अर्पण केलें होतें. हार्लेमच्या भिंतीशीं पुण्याचें नातें इतकें जुनें आहे. आमच्या वडिलांच्या कपाटांत मात्र तें पुस्तक नव्हतें, हेंहि सांगून टाकणें बरें.

आमच्या अंगणांतला इतिहास

मलिकंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आजच्या इथिओपिया देशांत झाला. अरब लोक त्या मुलखाला हबश म्हणत, त्यावरून तेथील मनुष्य तो हबशी. म्हणजे हा शब्द मूळचा कोंकणी, वऱ्हाडी यांसारखा केवळ देशवाचक; त्याला शिवीचें रूप आपण दिलें. 'सिद्दी' हा शब्द तर 'माझे स्वामी' अशा अर्थाच्या अरबी आदरवाचक शब्दावरून आला असें मानतात.

या मुलाचें मूळचें नांव चापू. तो लहानपणींच गुलामांच्या बाजारांत गेला. मीर कासिम नांवाच्या बगदादच्या व्यापाऱ्यानें त्यास विकत घेतलें, लिहिण्यावाचण्यास शिकविलें व त्याचें नांव अंबर ठेविलें. पुढें तो दक्षिणेंत येऊन निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरीं पडला. हा चंगीझखान स्वतः हबशीच. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, कांहीं काळ विजापुराकडे शिपाईगिरी करून पुन्हां नगरच्या राज्यांत आला आणि हळूहळू आपलें स्वतःचें पथक जमवूं लागला.

१६०० मध्यें चांदबिबी मारली गेली व अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हातीं पडला. निजामशाही बुडाली असें सर्वांस वाटलें. त्या वेळीं पन्नाशी उलटलेल्या या हबशानें निजामशाही वंशांतील एका राजपुत्राला परांड्यास गादीवर बसविलें आणि पुढें सुमारें पंचवीस वर्षें, कधीं परांड्यास, कधीं जुन्नरास, कधीं दौलताबादेस राजधानी हालवीत, अकबर व जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांना झुंजविलें. समोरासमोर मोठी लढाई टाळावयाची, शत्रूची रसद तोडावयाची, डोंगर व रान यांचा आश्रय घ्यावयाचा, ही त्याची रीत. तिच्यासाठीं लागणारे चपळ स्वार त्याला मिळाले ते मराठे. नगर व जुन्नर या दोन ठाण्यांच्या खालींच आमचें घोडनदीचें खोरें; आणि दौंडच्या शेजारचें सुपें हें शहाजीराजांच्या जहागिरींतलें. आमच्या या टापूंतील कित्येक घराण्यांच्या पूर्वजांनीं त्याच्या झेंड्याखालीं घोडे फेंकले असतील, असें मानण्यास कांहींच हरकत नाहीं.

१६२४ मध्यें नगरजवळ भातवडी येथें मुघल व विजापूरकर यांच्या एकत्र झालेल्या फौजांचा मलिकंबरानें पराभव केला. त्या संग्रामांत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले आणि त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. कवींद्र परमानंद यांनीं 'शिवभारत' या संस्कृत काव्यांत हा संग्राम वर्णिला आहे. हें काव्य १९२७ मध्यें सदाशिव महादेव दिवेकर यांनीं संपादून प्रसिद्ध केलें. शिवछत्रपतींच्या आश्रयाखालीं लिहिणारा हा पंडित मलिकंबराचें नांव आदरानें घेतो. मीं तें काव्य दोनदां वाचलें होतें. त्यांतील वृत्तें व अलंकार यांकडे लक्ष दिलें, परंतु हा आदर मात्र माझ्या ध्यानांत राहिला नाहीं.

लढाईपेक्षांहि त्याचें मोठें काम जमिनीच्या कारभारांतलें. मक्तेदाराकडून वसूल करण्याची रीत मोडून, जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविण्याची व्यवस्था त्यानें घातली. पुढें पुणें प्रांताचा कारभार पाहणाऱ्या दादोजी कोंडदेवांनींहि तिचाच कित्ता गिरविला असें इतिहासकार सांगतात. १६१० मध्यें त्यानें खडकी हें नगर वसविलें. तेंच पुढें औरंगाबाद व आतां छत्रपति संभाजीनगर. तेथें जमिनीखालून नहर काढून त्यानें जें पाणी आणलें, त्यावर पुढें शतकानुशतकें तें शहर जगलें. १६२६ मध्यें तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे.

त्याला देव करण्याचें कारण नाहीं. तो कठोर होता. आणि स्वतः विकला गेलेला हा मनुष्य पुढें आपल्या फौजेसाठीं हबशी गुलाम विकत घेत असे. पण ज्यांना आपण तसबिरींत बसवितों, त्यांपैकीं किती जण या कसोटीला पूर्णपणें उतरतील?

एका दरबारांतलीं दोन चित्रें

मलिकंबराचीं जीं जुनीं चित्रें आज प्रसिद्ध आहेत, त्यांत दोन फार बोलकीं आहेत आणि दोन्ही त्याच्या शत्रूच्या, म्हणजे जहांगीर बादशहाच्या, चित्रकारांनीं काढलेलीं आहेत.

पहिलें अबुल हसन यानें १६१६ च्या सुमारास काढलेलें. तें आतां डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयांत आहे. त्यांत बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोलाखालीं बैल व त्याखालीं मासा. समोर भाल्यावर मलिकंबराचें छिन्न मस्तक लाविलें असून बादशहा त्यावर बाण सोडीत आहे. त्या मस्तकावर घुबड बसविलें आहे. गंमत ही कीं, हें कधींच घडलें नाहीं! ज्याला मैदानांत धरतां आलें नाहीं, त्याचें मस्तक बादशहानें कागदावर उडवून घेतलें. आपल्या आत्मचरित्रांतहि जहांगीर त्याचा उल्लेख करतांना त्याच्या काळ्या वर्णाला शिवी जोडल्याशिवाय राहत नाहीं.

दुसरें चित्र हाशिम नांवाच्या चित्रकाराचें, १६२० च्या सुमाराचें. तें लंडनच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांत आहे. त्यांत घुबड नाहीं, भाला नाहीं. एका अंगानें दिसणारा वृद्ध, भरदार, काळासांवळा चेहरा, अंगांत साधा पांढरा जामा, हातीं तलवार. रत्नांचा डामडौल नाहीं, मुद्रेवर रागहि नाहीं. पुष्कळ पाहिलेला व पुष्कळ सोसलेला मनुष्य शांतपणें उभा आहे. ज्या दरबारानें त्याची विटंबना रंगविली, त्याच दरबारांतील एका कलावंताला त्याचें मोठेपण लपवितां आलें नाहीं. मलिकंबर वारल्यावर मुतमदखान या मुघल इतिहासकारानेंहि त्याच्या शौर्याची व राज्यकारभाराची मुक्तकंठानें स्तुति केली आहे.

पुतणीनें पाठविली ती या दुसऱ्या चित्राची कॅनव्हासवर छापलेली प्रत. पुठ्ठ्याच्या लांब नळकांड्यांतून गुंडाळी करून ती शिरूरला आली.

घरांतला वाद

गुंडाळी उलगडून पलंगावर पसरली तेव्हां घरांतील सर्व मंडळी जमली. प्रथम हरकत आली ती आमच्या एका स्नेह्यांकडून, जे रोज सायंकाळीं ओटीवर येऊन बसतात. "हबशी म्हणजे जंजिऱ्याचे सिद्दी. महाराजांना जन्मभर छळलें त्यांनीं. आणि तुम्ही त्यांतल्याच एकाला महाराजांच्या शेजारीं लावणार?"

हरकत खरी होती आणि तिला उत्तर देणें अवश्य होतें. जंजिरेकर सिद्दी हे स्वराज्याचे कडवे वैरी होते, त्यांनीं कोंकणपट्टीला फार पीडा दिली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु एका घराण्याच्या वैराचा हिशेब एका देशांतून आलेल्या सर्व लोकांच्या नांवावर कसा मांडावयाचा? १६६० मध्यें शिवाजीमहाराज पन्हाळ्यास वेढले गेले असतां नेताजी पालकरांबरोबर वेढा फोडण्यास जो सरदार धांवला तो सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा त्या झुंजींत घायाळ होऊन शत्रूच्या हातीं सांपडला. आमचे स्नेही इतिहास जाणणारे आहेत. ते क्षणभर थांबले व म्हणाले, "तरीपण परका तो परकाच." तेव्हां मीं त्यांना आमच्या शिरूरचीच एक गोष्ट आठवून दिली. इंग्रजांची छावणी येथें होती त्या काळीं कर्नल वॉलेस नांवाचा अधिकारी १८०९ मध्यें येथें वारला. आसपासच्या गांवचे लोक त्याच्या थडग्याला 'सत्पुरुष' म्हणून भजत व सुगीचें पहिलें धान्य तेथें वाहत, अशी जुन्या गॅझेटियरांत नोंद आहे. परक्या साहेबाला जो गांव धान्य वाहूं शकतो, त्याला आपल्या मुलखासाठीं झुंजलेल्या माणसाला एक खिळा देण्यास काय हरकत आहे?

सूनबाईंनीं विचारलें, "हे लोक आतां आपल्याकडे कोठें आहेत कां?" आहेत. मुरूड-जंजिऱ्याचें संस्थान १९४८ पर्यंत होतें. गोव्याच्या पोर्तुगिजांनीं आणलेले कित्येक गुलाम पळून घाटावरच्या रानांत शिरले. त्यांचे वंशज कारवार जिल्ह्याच्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागांत राहतात. ते कोंकणी, कानडी व मराठी बोलतात. कोणी हिंदु, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. त्यांच्यापैकीं शांताराम सिद्दी हे २०२० मध्यें कर्नाटकच्या विधानपरिषदेचे सभासद झाले. या समाजांतील स्त्रिया जुन्या लुगड्या-सदऱ्यांच्या तुकड्यांच्या गोधड्या शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. कडेपासून आरंभ करून टांक्यांच्या ओळी आंत आंत नेत मध्याशीं संपवितात आणि चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचीं 'फुलां' लावतात. फुलां नसलेली कवंदी त्यांना उघडीवाघडी वाटते. याच गोधड्या २०११ मध्यें न्यूयॉर्कच्या त्या शोम्बर्ग केंद्रांत भिंतीवर लागल्या होत्या.

हें ऐकून आमच्या सौभाग्यवती आंत गेल्या व आमच्या आईनें शिवलेली गोधडी घेऊन आल्या. त्यांनीं ती कॅनव्हासशेजारीं पसरली आणि तिचे टांके बोटानें चाचपून पाहिले. मग त्यांनीं जें विचारलें तें मला अपेक्षित नव्हतें. "चित्र लावा खुशाल, पण मला एक सांगा. धाकटीच्या लग्नाच्या वेळीं माहितीच्या कागदावर 'रंग गोरा' असें कोणी लिहिलें होतें? ती सांवळी आहे हें काय तुम्हांला दिसत नव्हतें?"

लिहिलें होतें तें मींच. महाभारतकार व्यास वर्णावरूनच कृष्ण म्हणविले गेले, द्रौपदीचें एक नांव कृष्णा, आणि राम तर आमच्या भिंतीच्या मध्यावरच निळासांवळा बसला आहे, हें मुलांना रसाळपणें सांगणाऱ्या मास्तरानें आपल्या पोटच्या मुलीचा रंग कागदावर बदलला होता. मीं कांहीं बोललों नाहीं. बोलण्यासारखें नव्हतेंच.

दौंडची चौकट

ती धाकटी मुलगी दौंडला दिली आहे; जावई रेल्वेंत आहेत. पुढच्याच आठवड्यांत तिच्याकडे जावयाचें होतें, म्हणून चित्र बरोबर घेतलें. तेथें तसबिरी मढविणारा एक चांगला कारागीर आहे असें जांवयांनीं सांगितलें. दुकानांत शिरतांच तो उठून उभा राहिला आणि पायां पडला. "गुरुजी, ओळखलंत कां?"

मीं ओळखलें. माझ्याच वर्गांतला मुलगा. रंगानें काळा, केस कुरळे, चित्रकलेंत हुशार, बोलण्यांत भिडस्त. निजामशाहीचा धडा मीं शिकविला त्या दिवशीं 'हबशी' हा शब्द फळ्यावर लिहून मीं मागें वळतों तों एका मुलानें याच्याकडे बोट दाखविलें आणि सारा वर्ग हंसला. मीं काय केलें? मीं दटावलें नाहीं. मीहि हंसलों. शाळा सोडीपर्यंत त्या मुलाचें नांव 'हबशी' हेंच राहिलें. हजेरीपटावरील नांवानें त्याला हांक मारणारे थोडेच. त्या दिवशीं मास्तरानें हंसून जें शिक्कामोर्तब केलें, तें पुसण्याचें सामर्थ्य त्या लेंकराजवळ कोठून असणार?

त्यानें कॅनव्हास टेबलावर अंथरला, कडा हातानें सारख्या केल्या आणि बराच वेळ पाहत राहिला. "कोण हे, गुरुजी?"

"मलिकंबर."

तो मान वर न करतां म्हणाला, "म्हणजे तो धड्यातला."

"होय. तोच." मग मीं जें इतक्या वर्षांत बोललों नव्हतों तें बोललों. "त्या दिवशीं वर्ग हंसला तेव्हां मीहि हंसलों होतों. माझी ती मोठी चूक झाली."

त्यानें फूटपट्टी उचलली, लांबी-रुंदी मापली, कागदाच्या चिटोऱ्यावर आंकडे लिहिले. मग म्हणाला, "पुस्तकात चित्र कुठं होतं, गुरुजी? चित्र असतं, तर पोरं हसली नसती."

त्यानें दोष पुस्तकावर घातला; माझ्यावर घालूं शकला असता. परंतु त्या उदारपणाचा लाभ घेण्याचा मला अधिकार नाहीं. चित्र पुस्तकांत नव्हतें हें खरें असलें, तरी माझ्या तोंडीं शब्द होते. भातवडी मला माहीत होती, नहर माहीत होती, शिवभारत वाचलेलें होतें. दोन वाक्यें बोललों असतों तर त्याच मुलाला तें नांव भूषण वाटलें असतें. शोम्बर्ग यांच्या शिक्षकाचें नांव इतिहासानें ठेविलें नाहीं. वर्गांत असें बोलून किंवा गप्प बसून गेलेल्या सर्व शिक्षकांच्या वतीनें तो अनामिक राहिला आहे, आणि त्यांत मीहि आहें.

त्यानें सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा केला, कॅनव्हास चारहि बाजूंनीं सारखा ताणून मागून टांचला आणि बाहेरून अरुंद काळी चौकट बसविली. कांच नको म्हणाला; कापडाचा पोत दिसला पाहिजे. मजुरी त्यानें पूर्ण घेतली, याचें मला बरें वाटलें. निघतांना मात्र विचारलें, "याची एक लहान प्रत मला मिळेल कां? दुकानांत लावीन म्हणतों." मीं पुतणीला तसें कळविलें आहे.

खिळा

चित्र आतां आमच्या ओटीवर लागलें आहे. शिवछत्रपतींच्या तसबिरीच्या अलीकडे, दारांतून येणाऱ्याची दृष्टि प्रथम जाईल अशा जागीं. जुनी भिंत मातीची. खिळा ठोकतांना थोडा गिलावा पडला, तो सूनबाईंनीं सारवून घेतला. चित्राखालीं मीं देवनागरींत एक पट्टी लिहून लाविली आहे: नांव, जन्मभूमि, भातवडीचें साल आणि मृत्यूचें साल. 'हबशी' हा शब्दहि मुद्दाम लिहिला आहे, त्याच्या मूळ अर्थासह. तो शब्द टाळण्यापेक्षां त्याला त्याचा अर्थ परत देणें मला योग्य वाटलें. आमचे स्नेही अजून रोज येतात. पहिले कांहीं दिवस ते पाठ करून बसत, हल्लीं समोर बसतात. आणि लग्नाच्या माहितीचे कागद लिहिण्याचें काम यापुढें घरांत मजकडे नाहीं.

वाचकांनीं आपापल्या घरीं हेंच चित्र लावावें असें माझें म्हणणें नाहीं. पण सणावाराला तसबिरी खालीं उतरवून पुसतों, त्या वेळीं क्षणभर ती मोकळी भिंत पाहावी आणि या मुलखाच्या उभारणींत ज्यांचे हात लागले त्यांपैकीं कोण कोण येथें नाहीं, हें मुलांदेखत स्वतःस विचारावें. जे शिक्षक आहेत त्यांनीं तर वर्ग हंसेल त्या क्षणीं फार सावध असावें.

पुतणीला मीं लिहिलें कीं, शेजारच्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग. त्यांनीं विचारलें होतें, आपल्या घरीं त्याचें चित्र असेलच. त्यांना म्हणावें, नव्हतें. जवळ जवळ चारशें वर्षें नव्हतें. आतां आहे.